बंद घरांची वही

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, २६ जानेवारी २०२६ रोजी, झेंडावंदनानंतर शाळेच्या सभागृहात केलेलं मनोगत. ध्वनिमुद्रणावरून उतरवलं आहे. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

व्यासपीठावरचे सर आणि बाई, व्यासपीठावर खुर्च्या कमी पडल्या म्हणून समोर बसलेले सर आणि बाई, आणि १९८९ च्या दहावीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

काल रात्री गाण्याच्या कार्यक्रमानंतर संयोजकांनी मला सांगितलं, ‘उद्या तू वीस मिनिटं बोल, नगरसेविका म्हणून गावात काय चाललंय ते सांग. पण राजकारण नको.’ आता राजकारण नको आणि नगरसेविका म्हणून बोल, हे म्हणजे फोडणीशिवाय आमटी. तरी प्रयत्न करते. पक्षाचं नाव घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

इतिहासाचे सर समोर आहेत म्हणून एक जुनी तक्रार आधी सांगून टाकते. सर, आमच्या वेळी नागरिकशास्त्राचा तास म्हणजे इतिहास मागे पडला की तो भरून काढायचा तास होता. ‘नगरपरिषद’ हा धडा तुम्ही आम्हाला घरून वाचून यायला सांगितला होता. मी तो अजून वाचतेच आहे. सर हसताहेत, म्हणजे त्यांनाही आठवतंय.

गंमत सोडा, पण तो धडा तेव्हा शिकवला असता तरी फार उपयोग झाला नसता, कारण खरा बदल आपण शाळा सोडल्यावर झाला. घटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने नगरपालिकांना घटनेत जागा दिली आणि बाराव्या अनुसूचीत अठरा विषयांची यादी दिली. पाणी, रस्ते, सफाई, दिवाबत्ती, स्मशानं, बागा, अशी. त्यातली सगळी कामं प्रत्यक्षात आमच्याकडे आली असं नाही, पण यादी आहे. आपल्या राज्यात १९६५ चा नगरपरिषद अधिनियम आहे, आमचं सगळं त्यावर चालतं. २०११ पासून निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या, म्हणून मी इथे उभी आहे. २०१६ साली आमच्या प्रभागातल्या दोन जागांपैकी एक महिलेसाठी असल्यामुळे मंडळी आमच्या घरी आली. चहा मी केला. विचारलं माझ्या नवऱ्याला, ‘वहिनींना उभं करायचं का?’ नवरा म्हणाला, ‘ती आत आहे, तिला विचारा.’ त्या एका वाक्यासाठी मी त्याचे बरेच गुन्हे माफ केले आहेत.

नगरसेविकेला काय करता येतं, याबद्दल गावात फार गोड गैरसमज आहेत. सकाळी सहाला फोन येतो, लाइट गेली. ती महावितरणची. रेशन कार्डावर नाव चढत नाही. ते तहसील कार्यालयाचं. शेजाऱ्याने रात्री दोनपर्यंत स्पीकर लावला. ते पोलिसांचं. तरी मी सगळे फोन घेते, कारण ‘हे माझं काम नाही’ म्हटलं तर लोकांना वाटतं, निवडून आली आणि बदलली. खरं काम सभागृहात ठराव करण्याचं, बजेट बघण्याचं आणि प्रशासनाला प्रश्न विचारण्याचं. चेकवर माझी सही चालत नाही. कारभाराचा प्रमुख मुख्याधिकारी, तो शासनाचा माणूस. आम्ही केलेला ठराव जिल्हाधिकारी स्थगित करू शकतात, कायद्यात तशी तरतूद आहे. म्हणजे हातात काठी आहे, पण ती धरायची कुठून हे समजायलाच माझी पहिली दोन वर्षं गेली.

त्या पहिल्या निवडणुकीची एक आठवण सांगते, पुढे तिचा उपयोग आहे. मतदान २७ नोव्हेंबर २०१६ ला होतं. प्रचार रंगात आला आणि ८ तारखेच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. दोन-तीन दिवसांत शासनाने सांगितलं की नगरपालिकेचा कर जुन्या नोटांत भरता येईल. बघता बघता पालिकेपुढे रांग लागली. रात्री उशिरापर्यंत खिडकी उघडी होती. ज्यांनी सात-सात, दहा-दहा वर्षं घरपट्टी भरली नव्हती, ज्यांच्या दारात वसुलीचा कारकून गेला की आजारपणं निघायची, ती माणसं नोटांची पुडकी घेऊन रांगेत उभी. वसुली विभागातले एक जुने कर्मचारी मला म्हणाले, ‘ताई, मी सत्तावीस वर्षं नोकरी केली, लोकांकडे पैसे नसतात असं समजून. आज कळलं, तसं काही नव्हतं.’

निवडून आले आणि मला एक चूक करायची होती, ती मी २०१८ मध्ये केली. राजकारण नको म्हणालात, पण चूक सांगायला हरकत नसावी.

मधली आळी तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. शाळेच्या मागच्या दारातून निघून ओढ्याच्या कडेने घाटाकडे उतरते ती. आपण पावसाळ्यात त्या आळीतून चपला हातात घेऊन जायचो. लोकांची एकच मागणी होती, आळी काँक्रीटची करा. मीही हट्टाला पेटले. सभेत भांडले, निधी मिळवला, आळी काँक्रीटची झाली, कडेला पेव्हिंग ब्लॉक लागले आणि कोपऱ्यावर माझ्या नावाचा फलक. त्या वेळी पाणीपुरवठ्यातल्या एका अभियंत्याने मला सांगितलं होतं, ‘मॅडम, खालची पाइप बिडाची आहे, तुमच्या जन्माआधीची. आधी ती बदला, मग वर काँक्रीट करा.’ पाइप बदलायला वेगळा निधी, वेगळी मान्यता, दीड-दोन वर्षं. आणि जमिनीखालच्या पाइपवर फलक लागत नाही. मी म्हटलं, पाइप नंतर बघू. माझ्या घरच्या बाजूनेच फलक दिसतो, म्हणून रोज जाता-येता मला तो वाचावा लागतो.

मग २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला पूर आला. ते तुम्हाला माहीत आहे, कारण शाळेच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलेला फोटो आपल्या ग्रुपवर सगळ्यांनी बघितला आणि तुम्ही पुण्या-मुंबईहून टेम्पो भरून सामान पाठवलंत. ते मी विसरलेले नाही. त्यानंतर करोना. त्यावर बोलत नाही, प्रत्येकाच्या घरी त्याचं काहीतरी आहे.

२०२१ संपता संपता आमची मुदत संपली आणि निवडणुका झाल्याच नाहीत. आरक्षणाचा वाद कोर्टात, प्रभागांची रचना बदलली, परत बदलली. राज्यभर पालिकांवर प्रशासक बसले. एक वर्ष नाही, दोन नाही, चार. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला आणि २ डिसेंबरला मतदान झालं. त्यातही मतमोजणी २१ डिसेंबरला गेली. एकोणीस दिवस मतदान यंत्रं कुलपात आणि आम्ही उमेदवार घरात. माझं वजन तेवढ्यात तीन किलो कमी झालं, जे चार वर्षं चालून झालं नव्हतं.

प्रशासक वाईट असतो असं मी म्हणणार नाही. काही कामं त्यांच्या काळात आमच्यापेक्षा लवकर झाली. घंटागाड्यांच्या वेळा सुधारल्या, रस्त्यावरचे दिवे बदलले. पण एक गोष्ट गेली. सभा गेली. महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी उठून ‘माझ्या आळीत असं का झालं’ हे विचारायचं आणि त्याचं उत्तर इतिवृत्तात लिहावं लागायचं, ते थांबलं. या चार वर्षांत मी नगरसेविका नव्हते, पण लोक माझ्याकडेच यायचे. मी अर्ज लिहून द्यायची, पोच घ्यायची. पोच भरपूर जमल्या.

आता जे सांगणार आहे ते मी ज्यांच्या घरी घडलं त्यांना विचारूनच सांगते आहे.

२०२३ च्या जूनमध्ये मधल्या आळीत कावीळ सुरू झाली. आधी दोन मुलं, मग एका घरात तिघं. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून आहे. आरोग्य विभागाची माणसं आली, नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट झाली. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर त्या थेंबाने पाणी पिवळं होतं. आळीच्या वरच्या टोकाला पिवळं झालं, खालच्या सहा-सात घरांत पाणी पांढरं ते पांढरंच. म्हणजे मध्ये कुठेतरी घाण शिरत होती आणि क्लोरीन खाऊन टाकत होती. पण कुठे? काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते सहा आठवडे लागतात, कधी जास्त. म्हणजे आज आजारी पडलेला माणूस मे महिन्यातलं पाणी प्यायला होता. आणि गळती शोधायची तर रस्ता कोरडा ठणठणीत. मातीचा रस्ता असता तर पाणी वर आलं असतं, चिखल दिसला असता, आळीतल्या कुठल्याही आजीने बोट दाखवलं असतं. वर माझं काँक्रीट होतं. गळणारं पाणी खालच्या खाली गटारात जात होतं.

इथे थोडं प्लंबिंग सांगते, कारण त्यात सगळं आहे. आपल्याकडे पाणी दिवसातून एकदा, पाऊण तास सुटतं. पाणी चालू असतं तेव्हा पाइपमधून बाहेर गळतं. व्हॉल्व्हमन व्हॉल्व्ह बंद करतो तेव्हा पाइप रिकामी होऊ लागते आणि आत ओढ तयार होते. मग जिथून पाणी बाहेर जात होतं, तिथूनच बाहेरचं आत येतं. बाहेर गटार असेल तर गटार आत. त्यात लोक नळाला थेट मोटार लावतात, ती आणखी खेचते. मोटार माझ्याही घरी होती. होती म्हणते, आता नाही.

शोधायला तेरा दिवस लागले. तोपर्यंत आळीत टँकरचं पाणी. चौदाव्या दिवशी काँक्रीट कापायची मशीन आली. माझ्या फलकापासून चाळीसेक पावलांवर रस्ता कापला. खाली मुख्य पाइपवरच्या एका फेरूलमधून अर्ध्या इंचाची लोखंडी नळी गटार ओलांडून एका घरात गेलेली. घराला कुलूप. नळी गटाराच्या पोटात इतकी सडलेली की कामगाराने हात लावला आणि तुकडा हातात आला. त्या घरात चौदा वर्षं कुणी पाणी प्यायलं नव्हतं. नळ आत बंद होता, पण फेरूल चालू होता. कुणी कनेक्शन तोडायचा अर्ज दिलेला नव्हता, आणि अर्जाशिवाय कुणी तोडलंही नव्हतं.

आपले शिपाईमामा आठवतात ना? घंटा वाजवायचे आणि उशिरा येणाऱ्यांना फाटकाच्या फटीतून आत घ्यायचे. ते जाऊन आता दहा-बारा वर्षं झाली, पण त्यांचं घर त्याच आळीत खालच्या टोकाला आहे. त्यांच्या नातवाची बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. काविळीचे दोन प्रकार पाण्यातून येतात, त्यातला एक गरोदर बाईला फार वाईट. तिला इथून मोठ्या शहरात हलवलं. ती वाचली. बाळ वाचलं नाही.

ती काल सकाळी इथे आली होती, कार्यक्रमाच्या रांगोळ्या तिने काढल्या आहेत. फाटकाजवळची मोठी रांगोळी तिची.

मी तिच्या घरी गेले तेव्हा काय बोलू हे मला समजेना. शेवटी रस्त्याचं जे होतं ते सांगितलं. ती म्हणाली, ‘काकू, रस्ता तर आम्हीच मागितला होता.’ यावर मला अजून उत्तर मिळालेलं नाही.

ते कुलूपबंद घर कुणाचं, हे मी त्या दिवशी असेसमेंट उताऱ्यावर बघितलं. उताऱ्यावर ज्यांचं नाव होतं ते वारून तीस वर्षं झाली होती. घरपट्टीची बिलं, पाणीपट्टीची बिलं, सगळी त्यांच्या नावाने दाराच्या फटीतून आत टाकलेली. कुलूप तोडलं तेव्हा बिलांचा ढीग दारामागे होता. ते गृहस्थ म्हणजे आपल्या वर्गातल्या एकाचे आजोबा. मी त्याला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी घेऊन आला. नळ अजून जोडलेला आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. चुलते चार, त्यांची मुलं अकरा, प्रत्येकाला वाटत होतं घरपट्टी दुसरा भरतो. तो आज इथे बसला आहे. त्याच्याच आग्रहावरून सांगते आहे. नाव घे म्हणाला, पण ते मी घेणार नाही, कारण नळी त्याची असेल तर काँक्रीट माझं होतं, आणि त्या फेरूलवर लक्ष ठेवायचं काम ज्या कचेरीचं तिचंही होतं. नाव घेतलं तर तुम्ही बाकीचे सुटाल.

कारण ते एकच घर नाही. त्या पावसाळ्यात मी एक वही घेऊन माझ्या प्रभागात फिरले. दाराला कुलूप असलेली चाळीसच्या आसपास घरं भरली. प्रत्येकाच्या पुढे शेजाऱ्यांना विचारून मालक कुठे आहेत ते लिहिलं. पुणे, पुणे, ठाणे, बोरिवली, पुणे, बंगळूर, दोन अमेरिकेत, एक दुबईत. तुमच्यापैकी किती जणांची घरं त्या वहीत आहेत, ते मी सांगायची गरज नाही. आत्ता इथे बराच वेळ कुणी खोकलं नाही, यावरून अंदाज येतो.

रागावून बोलत नाही. गाव सुटतं, सुटायलाच पाहिजे होतं, इथे काय होतं? पण कुलूप लावलेलं घर म्हणजे थांबलेलं घर नव्हे. त्याची भिंत पावसात फुगते आणि शेजाऱ्याच्या अंगणात पडायच्या बेतात येते. अशा घराला धोकादायक इमारतीची नोटीस निघते, ती नोटीस घ्यायला कुणी नसतं, म्हणून दारावर चिकटवतात, ती पावसात भिजून जाते. त्याच्या परसातल्या हौदात डेंगीचे डास होतात. आणि त्याची घरपट्टी थकते.

घरपट्टीचं मुद्दाम बोलते. आपण शाळेत होतो तेव्हा गावात शिरताना जकात नाका होता. एसटी तिथे थांबायची, कारकून चढायचा, कुणाच्या ट्रंकेत नवं कापड दिसलं की पावती फाडायचा. माझ्या आत्याने एकदा तीन साड्या एकावर एक नेसून गाव गाठलं होतं. त्या जकातीवर पालिका चालायची. १९९९ साली नगरपालिकांची जकात बंद झाली आणि त्या बदल्यात शासन अनुदान देऊ लागलं. व्यापाऱ्यांना बरं झालं, आत्यालाही बरं झालं, पण पालिकेच्या हातातली स्वतःची चूल गेली. आता स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं. बाकी सगळं वरून येतं, आणि वरून येतं ते कशावर खर्च करायचं ते ठरवूनच येतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात साठ टक्के पाणी आणि घनकचऱ्यासाठी बांधलेले, उरलेले चाळीस मोकळे, पण त्यातून पगार करायचा नाही. बरं, तो पैसा मिळायलाही अट आहे, घरपट्टीची वसुली वाढती पाहिजे, राज्याचं उत्पन्न वाढतं त्या मानाने. म्हणजे बोरिवलीत बसून तुम्ही भरली नाही ती घरपट्टी एकदा जात नाही, दोनदा जाते. एकदा तुमची, आणि एकदा तिच्यामुळे अडणारी.

बिलाचा कागद कुणी नीट वाचत नाही. त्यातला शिक्षण कर, रोजगार हमी कर हे आम्ही फक्त गोळा करतो, ते शासनाला जातात. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला चोवीस. तुमच्यातले बँकवाले मान हलवताहेत. हा व्याजदर तुम्ही कर्जावर घेणार नाही, पण आजोबांच्या घरावर निमूट चढू देता.

आता गावात पुढे काय होणार ते सांगते, म्हणजे संयोजकांनी दिलेला विषय पूर्ण होईल. अमृत २.० मध्ये नव्या टाकीचा आणि जुन्या गावठाणातल्या पाइप बदलायचा प्रस्ताव आहे. एक लाखाच्या आतल्या गावांना केंद्र निम्मे पैसे देतं, उरलेल्यात राज्य आणि पालिका. पालिकेचा वाटा लहान आहे, पण तो पालिकेलाच उभा करावा लागतो. मी पहिल्याच सभेत दोन गोष्टी मांडल्या. एक, यापुढे खालची पाइप, गटार आणि केबल तपासल्याचा दाखला जोडल्याशिवाय कुठल्याही आळीचं काँक्रीट मंजूर करायचं नाही. यावर माझ्याच बाजूच्या एका सदस्याने विचारलं, ‘ताई, हे तुम्ही बोलताय?’ मी म्हटलं, हो, मीच बोलणार, दुसरं कोण बोलणार. दुसरी गोष्ट, बंद घरांची यादी करून त्यांची नळजोडणी मुख्य पाइपच्या फेरूलवर बंद करायची, घरात नाही. पहिल्या ठरावावर चर्चा पुढे ढकलली आहे, कारण अर्ध्या सदस्यांनी निवडणुकीत काँक्रीटचं वचन दिलेलं आहे. दुसरा मंजूर झाला. पण त्यात एक अडचण आहे. मालकाला कळवल्याशिवाय जोडणी तोडली तर उद्या कुणीतरी कोर्टात जाईल. आणि मालकाला कळवायचं तर मालक कोण? उताऱ्यावर आजोबा.

म्हणून मी ती वही आज आणली आहे. ही. शाळेतल्यासारखी दोनशे पानी, कव्हरही घातलंय, बाई, बघा.

यात मला तुमच्याकडून पैसे नकोत. पालिकेत भरायचे ते तुम्ही पालिकेत भराल, ऑनलाइनही भरता येतात, ते आपापसांत चुलतभावांनी ठरवा. मला चालू फोन नंबर पाहिजे, तुमचा, आजोबांचा नव्हे. नळ बंद करायला हरकत नाही म्हणून एक सही पाहिजे. परत राहायला याल तेव्हा जोडणी परत मिळते, त्याचा अर्ज मी स्वतः लिहून देईन. वारस नोंद राहिली असेल तर कागद काय लागतात ते मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे, मृत्यूचा दाखला असेल तर आजच सुरुवात होते. आणि किल्ली. प्रत्येक बंद घराची एक किल्ली आळीतल्या कुणातरी एका माणसाकडे असावी. पूर आला तर, भिंत पडली तर, सडका नळ शोधायचा झाला तर. कुणाकडे ठेवायची ते तुम्ही ठरवा. विश्वास नसेल तर शाळेच्या ऑफिसात ठेवा, मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे, त्यांनी एक कपाट द्यायचं कबूल केलं आहे.

वही चहाच्या टेबलाशेजारी ठेवते. पेन दोऱ्याने बांधलेलं आहे, पालिकेत राहून लागलेली सवय.

पहिल्या पानावर कुणाचं घर आहे हेही सांगते, नाहीतर कुणीतरी विचारेलच. आमचं माहेरचं घर, कासार गल्लीतलं. आई गेल्यापासून त्यालाही कुलूप आहे, आणि परवापर्यंत उताऱ्यावर वडिलांचंच नाव होतं. प्रभागभर वही घेऊन फिरले आणि स्वतःचं घर शेवटी आठवलं. माझी सही झाली आहे, धाकट्या भावाची झाली आहे. मोठा भाऊ ठाण्याहून आजच आलाय, तो मागे दाराशी उभा आहे. दादा, तुझी राहिली आहे. सही कर आणि मग चहा घे.